बर्फ एकच, पडण्याच्या तऱ्हा मात्र अनेक: हिम, गार, दव आणि कोसळणं म्हणजे नक्की काय?

जानेवारी लागला की प्रत्येक फॅमिली ग्रुपवर कुणीतरी मनालीला नाहीतर गुलमर्गला पोचलेलं असतं, तिकडून व्हिडिओ येतो, खाली लिहिलेलं असतं "बर्फ पडतोय बघा!!" आणि मग इकडून दादरच्या काकू विचारतात, अगं हा बर्फ आहे की गारा पडतायत? प्रश्न अगदी बरोबर आहे, पण त्याचं उत्तर सहसा कुणी देत नाही, सगळे हार्टचे इमोजी टाकून मोकळे होतात. आपण मुंबईकर, आपल्याकडे सांताक्रूझला आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ ला, म्हणजे आकाशातून बर्फ पडायचा प्रश्नच नाही. आपल्याला बर्फ म्हणजे ससून डॉकवर मासळीवर टाकतात ती लादी, चौपाटीवरचा गोळा आणि फ्रीजरमधला ट्रे. सिमल्याला पडतो तोही बर्फ आणि हिमालयात मैलोन् मैल सरकत असतो तोही बर्फच, सगळ्याला शब्द एकच.

मराठीत बर्फासाठी नामं कमी आहेत हे खरंच आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण पडण्यासाठी, कोसळण्यासाठी, घसरण्यासाठी आपल्याकडे इतकी अचूक क्रियापदं आहेत की ती नीट वापरली तर बर्फाचं पूर्ण विज्ञान मराठीत कळतं, आणि चुकीचं वापरलं तर मोठ्या दुर्घटनेचं कारणसुद्धा लोकांच्या डोक्यात चुकीचं बसतं. ते कसं ते पुढे येईलच.

आधी नामं. बर्फ हा शब्द फारसीतून आलाय आणि गंमत म्हणजे फारसीत बर्फ म्हणजे आकाशातून पडतो तो भुसभुशीत, आपल्या लादीवाल्या बर्फाला ते लोक 'यख' म्हणतात. आपल्याकडे येताना शब्द उलटा झाला. मुंबईत बर्फ आला तोच मुळी माल म्हणून, अमेरिकेत बोस्टनजवळच्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजात भरून १८३३ साली कलकत्त्याला उतरला आणि लगेच पुढच्या वर्षी मुंबईतही पोचला, त्यामुळे इथल्या माणसाने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो ठोकळ्याच्या रूपात. शब्द लादीला चिकटला त्यात याचा हात असावा असं मला वाटतं.

हिम हा संस्कृत शब्द आपण आता फक्त जोडशब्दांत वापरतो, हिमालय, हिमनदी, हिमवर्षाव. पण तो रोजच्या बोलण्यातही आहे, फक्त वेश बदलून. हिमचं झालं हिंव, म्हणजे थंडी, आणि त्यावरून हिवाळा, हिवताप. हेमंत ऋतूसुद्धा त्याच घरातला. गढवाल-कुमाऊंकडे आजही बर्फाला 'ह्यूं' म्हणतात आणि हिवाळ्याला 'ह्यूंद', ऐकताना आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही. तुषार नावाचे मित्र आपल्या सगळ्यांना असतात, त्या शब्दाचा जुना अर्थ गोठलेलं दव, बर्फ, थंडगार फवारा असा सगळा मिळून, मराठीत फक्त फवारा उरला आणि शेतात तुषार सिंचन आलं.

आता मुख्य मुद्दा, आकाशातून पडणारा बर्फ आणि फ्रीजमधला बर्फ हे दोन्ही पाणीच, पण बनायची वाट वेगळी. ट्रेमध्ये आधी पाणी असतं मग ते गोठतं. आकाशात ढगामध्ये शून्याच्या खाली तापमान गेलं की धुळीच्या एखाद्या बारीक कणावर बर्फाचा छोटासा स्फटिक तयार होतो आणि मग आजूबाजूची वाफ पाणी न होता थेट त्याच्यावर बर्फ म्हणून बसत जाते. पाण्याचे रेणू बर्फात षटकोनी जाळी करून बसतात त्यामुळे स्फटिकालाही सहा बाजू, आणि टोकांना वाफ जास्त मिळते म्हणून तिथून सहा फांद्या फुटतात. तापमान उणे पाचच्या आसपास असेल तर सुयांसारखे बारीक खांब बनतात, उणे पंधराच्या आसपास ती ग्रीटिंग कार्डावरची नक्षीदार चांदणी बनते. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून अशा स्फटिकाचा पहिला फोटो काढला आणि आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो काढले, आणि जपानमध्ये होक्काइदोला उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये लॅबमध्ये सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखवला, कुठल्या तापमानाला आणि किती दमटपणाला कुठला आकार येतो हे त्याच्या कामातून कळलं.

तो पांढरा का दिसतो हे बघायला मनालीला जायची गरज नाही, गोळेवाल्याच्या गाडीपाशी दोन मिनिटं थांबा. लादी कडेला काचेसारखी आरपार दिसते, आतला गाभा तेवढा धुरकट कारण तिथे हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. आता तो लादी रंध्यावर घासतो आणि खाली पडतो तो कीस एकदम पांढराशुभ्र. रंग कुणी घातला नाही, बर्फाचे लाखो बारीक तुकडे झाले, मध्ये हवा शिरली, प्रत्येक कडेवर उजेड वळतो परततो, सगळे रंग सारखेच परत येतात आणि डोळ्याला ते पांढरं वाटतं. ताजा पडलेला बर्फही असाच, त्याच्या आकारमानात नव्वद टक्क्यांच्या वर हवाच असते. म्हणून ढोबळमानाने दहा सेंटीमीटर ताजा बर्फ वितळला की एक सेंटीमीटर पाणी मिळतं. आणि गोळेवाला तो कीस मुठीत दाबून काडीवर बसवतो तेव्हा हवा बाहेर जाते, गोळा घट्ट होतो, हिमालयात हेच काम वरच्या थरांचं वजन वर्षानुवर्षं करतं आणि त्यातून हिमनदीचा निळसर टणक बर्फ तयार होतो.

आता पडणं बघू. एवढी हवा भरलेली वस्तू खाली येते सेकंदाला साधारण एक ते दीड मीटर, म्हणजे माणूस चालतो त्या वेगाने, तीन किलोमीटर वरून निघालेला कण जमिनीला लागायला अर्धा-पाऊण तास सहज घेतो. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला नऊ मीटरपर्यंत जातो. म्हणून बर्फ 'कोसळला' म्हटलं की कानाला खटकतं, आणि मराठीत याला नेमका शब्द आहे, भुरभुरणं. पीठ भुरभुरतं, पाऊस भुरभुर येतो, तसा बर्फ भुरभुरतो. हिमवर्षाव, बर्फवृष्टी हे पेपरचे शब्द आहेत, चुकीचे नाहीत, पण त्यातून फक्त पडलं एवढं कळतं, कसं पडलं ते भुरभुरमध्ये कळतं.

गार ही पूर्ण वेगळी वस्तू. ती उंचच उंच वादळी ढगात बनते, खालून वर जाणारा वारा इतका जोरात असतो की बर्फाचा दाणा खाली पडूच शकत नाही, आत फिरत राहतो, आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब त्याला चिकटून गोठत जातात, थरावर थर. मोठी गार मधून कापली तर आत कांद्यासारखी वलयं दिसतात. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की ती सुटते. लिंबाएवढी गार ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाने येते म्हणून तिच्यासाठी क्रियापद आदळणं, झोडपणं, आणि नाम गारपीट, त्यातलं ते 'पीट' उगीच नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात झालेली गारपीट आठवत असेल, काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षं, कांदा सगळं झोपलं. आणि ३० एप्रिल १८८८ ला मुरादाबादला गारांमुळे २४६ माणसं मेली, गारपिटीच्या बळींचा जगातला हा सगळ्यात मोठा नोंदलेला आकडा मानतात. गार थंडीत नाही तर आपल्याकडे मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळात पडते हेही लक्षात ठेवा, कारण तिला खालून तापलेली जमीन आणि जोरदार वर जाणारी हवा लागते. बर्फ भुरभुरायला शांत गारठा चालतो.

या दोघांच्या मधलं एक प्रकरण आहे आणि काकूंच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा तेच असतं. साबुदाण्याएवढे पांढरे मऊ दाणे, हातात घेऊन दाबले की चुरा होतात. बाहेर याला ग्राउपेल म्हणतात, मूळ जर्मन शब्द. हिमस्फटिक खाली येताना अतिथंड थेंबांमधून गेला की ते त्याच्यावर गोठून बसतात, नक्षी झाकली जाते आणि दाणा तयार होतो. आपण त्याला मऊ गारा म्हणायला काहीच हरकत नाही. ओळखायचं कसं, दाबून बघा, फुटली नाही तर गार, चुरा झाला तर हे. आणि स्लीट हा शब्द वाचलात तर कोण बोलतंय ते आधी बघा, अमेरिकेत स्लीट म्हणजे गोठलेल्या पावसाचे टणक दाणे, इंग्लंडमध्ये स्लीट म्हणजे पाऊस आणि बर्फ एकत्र.

आता महाबळेश्वर. दर हिवाळ्यात बातमी असते, वेण्णा लेकला दवबिंदू गोठले, मिनी काश्मीर, आणि लोक समजतात की महाबळेश्वरला बर्फ पडला. तिथे वरून काहीही पडलेलं नसतं. दव 'पडतं' असं आपण म्हणतो पण दव आकाशातून येतच नाही, ते जमिनीलगतच्या हवेतल्या वाफेचं होतं. रात्र निरभ्र असली, वारा नसला की गवत, पानं, गाडीचा टप आपली उष्णता वर आकाशात सोडून देतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतात, मग वाफ तिथे पाणी होऊन बसते. पानाचं तापमान शून्याखाली गेलं की ते थेंब गोठतात, काचेच्या मण्यांसारखे आरपार दिसतात. वाफ थेट पानावर बर्फ होऊन बसली तर मात्र पांढरी पिसासारखी खरखरीत बुरशी धरल्यागत दिसते. दोन्हीला आपण गोठलेलं दव म्हणतो. स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडांवर हे अगदी जवळून बघता येतं, पण सूर्य वर यायच्या आत.

आणि मग लोक भांडतात की वेधशाळेने तर तापमान इतकं जास्त सांगितलंय, मग बर्फ कसा? तापमापक असतो जमिनीपासून साधारण सव्वा मीटर वर, पेटीमध्ये, पान असतं खाली उघड्यावर. शिवाय थंड हवा जड, ती रात्रभर उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते, म्हणून तळ्याकाठी गोठतं आणि वर बाजारपेठेत नाही. दोघांचं खरं असतं.

मग दव 'पडतं' का म्हणायचं? कारण मराठीत पडणं म्हणजे वरून खाली येणं एवढंच कधी नव्हतं. ऊन पडतं, अंधार पडतो, थंडी पडते, धुई पडते, दुष्काळ पडतो, स्वप्न पडतं, प्रश्न पडतो, विसर पडतो. आपण काही न करता जे आपल्यावर येतं ते पडतं, असं माझं म्हणणं आहे (पाया आपण मुद्दाम पडतो, ते वेगळं). या शब्दाचं मूळ संस्कृत पत्, आणि त्या धातूचे अर्थ दोन, उडणं आणि पडणं. त्याच्यातूनच पतंग आला, पतन आलं, हिमपात आणि उल्कापातातला 'पात'ही आला. त्यामुळे दव पडलं, खुशाल म्हणा. फक्त हवामान समजून घेताना लक्षात असू द्या की या 'पडलं'ला वरचा ढग लागत नाही.

इथे लोक नेहमी ती एस्किमोंकडे बर्फासाठी शंभर शब्द असल्याची गोष्ट सांगतात. मूळ असं आहे की फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने १९११ साली चार शब्द दिले होते, जमिनीवरच्या बर्फाला 'अपुत', पडत असलेल्या बर्फाला 'काना', वाऱ्याने वाहत जाणाऱ्याला आणि साचून ढीग झालेल्याला आणखी दोन. सांगणाऱ्यांनी ते वाढवत वाढवत पन्नास, शंभर, चारशे केले. शिवाय त्या भाषांमध्ये एका मुळाला प्रत्यय लावून लावून वाक्याएवढा शब्द बनतो, त्यामुळे शब्द मोजण्यात अर्थच नाही. पण बोआसचा मुद्दा मला फार आवडतो, पडणारा आणि पडलेला हा फरक त्या लोकांनी नामात ठेवला. आपण तो क्रियापदात ठेवतो.

पडलेल्या बर्फाचं पुढे काय होतं, तिथे ही क्रियापदं खरी कामाला येतात. आपल्याकडे पावसाळ्यात रोज वाचतो ना, भिंत खचली, दरड कोसळली, झाड उन्मळून पडलं, बुरूज ढासळला. खचणं म्हणजे खालचा आधार गेला म्हणून जागच्या जागी खाली बसणं. ढासळणं म्हणजे स्वतःच सुटं सुटं होत पडणं. निखळणं म्हणजे जोड सुटून एक तुकडा वेगळा होणं. घसरणं म्हणजे पृष्ठभागाला धरून खाली जाणं. कोसळणं म्हणजे उंचावरून, एकदम, सगळं. माळीण २०१४, तळिये २०२१, इरशाळवाडी २०२३, आपल्याला हे शब्द फार महाग पडलेत. याउलट हिमस्खलन, भूस्खलन हे संस्कृत शब्द, स्खलन म्हणजे घसरणं, सगळ्याला एकच.

हिमस्खलनाच्याच दोन जाती बघा. ताजा भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि खाली पंख्यासारखा पसरत जातो, हा ओघळतो. दुसरी जात जास्त घातक, वर घट्ट थर आणि त्याच्या खाली साखरेसारखा सुटा, एकमेकांना न धरणारा थर, वरच्या थरावर माणसाचं किंवा नव्या बर्फाचं वजन आलं की खालचा सुटा थर दबतो, वर आडवी लांब भेग जाते आणि अख्खा पापुद्रा निखळून घसरतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हे सगळ्यात जास्त होतं, त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, आधीच गळून जातो. आणि सियाचिनमध्ये ३ फेब्रुवारी २०१६ ला दहा जवान गाडले गेले, तिथे बर्फाची भिंतच तुटून चौकीवर आली होती, ते कोसळणं. लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड यांना सहा दिवसांनी त्या बर्फाखालून जिवंत काढलं, ११ फेब्रुवारीला ते गेले.

आता मी वर म्हटलं होतं ती चुकीच्या शब्दाची गोष्ट. ७ फेब्रुवारी २०२१, उत्तराखंड, चमोली. ऋषिगंगा आणि धौलीगंगेला अचानक लोंढा आला, दोन जलविद्युत प्रकल्प गेले, दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. पहिल्या दिवशी टीव्हीवर काय होतं, हिमनदी फुटली, ग्लेशियर फुटलं. हिमनदी फुटत नाही, ती काही धरण नाही. नंतर उपग्रहाचे फोटो अभ्यासल्यावर कळलं की रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि त्यावरचा बर्फ असा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा तुकडा निखळला आणि जवळजवळ १८०० मीटर खाली कोसळला. त्यात सुमारे ऐंशी टक्के खडक होता, वीस टक्के बर्फ. पडताना घर्षणाने इतकी उष्णता झाली की बहुतेक बर्फ वितळून पाणी झाला आणि त्या पाण्याने दगडाच्या भुग्याचा चिखल करून पुढे ढकलला. म्हणजे सुरुवात खडक निखळण्यापासून झाली. 'हिमनदी फुटली' म्हटल्यावर लोक वर तळं शोधत बसतात आणि बघायला हवी असते ती कड्यातली भेग. तिथून जवळच जोशीमठला जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले, त्याला मात्र मराठी पेपरांनी 'जोशीमठ खचतंय' लिहिलं आणि ते एकदम बरोबर होतं.

हिमनदीबद्दल अजून एक क्रियापद फसवतं. 'गंगोत्री हिमनदी मागे सरकतेय.' वाचून वाटतं बर्फ डोंगरावर परत चढतोय. बर्फ कायम खालीच वाहत असतो, कितीही हळू असला तरी. वरून येणाऱ्या बर्फापेक्षा टोकाशी वितळणारा बर्फ जास्त झाला की टोक वर गेल्यासारखं दिसतं. विहीर आटते, तळं आटतं, तशी हिमनदी आटते असं लिहिलं तर शाळकरी पोरालाही कळेल.

आणि ती आटली की पुढ्यात, तिनेच आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधामागे पाणी साठतं. सिक्कीममधलं साउथ ल्होनाक तळं असंच वाढत गेलं. ३ आणि ४ ऑक्टोबर २०२३ च्या मधल्या रात्री काठाचा गोठलेला उतार घसरून तळ्यात पडला, लाट उठली, बांध फुटला आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. सकाळच्या पहिल्या बातम्यांमध्ये शब्द होता ढगफुटी. ढगफुटी म्हणजे हवामान खात्याच्या व्याख्येने थोड्याशा भागात तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस, ती आधी नेमकी सांगता येणं फार अवघड. तळ्याचं तसं नाही, ते वर्षानुवर्षं उपग्रहातून वाढताना दिसत होतं, धोक्याचं म्हणून कागदावर होतं, आणि २०१६ मध्ये तिथे पाइप टाकून पाणी उपसायचा प्रयत्नही झालेला होता.